पीटच्या आम्लधर्मी मातीत कोण जगतं, आणि तुमची प्लेट रिकामी का राहिली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीट बॉगमधून, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर (पीट) साठलेल्या दलदलीतून आणलेल्या मातीचा सामू (pH) ४.१ भरला. तिचं विरलन करून तुम्ही न्यूट्रिएंट आगर या जिवाणू वाढवायच्या नेहमीच्या माध्यमाच्या प्लेटवर पसरवलं, ३७ अंशांना दोन दिवस ठेवलं, आणि प्लेटवर चार-दोन वसाहतींपलीकडे काही आलं नाही. बागेतल्या साध्या मातीची प्लेट मात्र गच्च भरली. तेव्हा ‘आम्लामुळे तिथे जवळपास काही जगत नाही आणि म्हणूनच तिथे काही कुजत नाही’ असं म्हणायचं का? आणि चुना घालून सामू वाढवला, तर जिवाणू परत येतील का?

यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत: पीटमध्ये जीव आहेत का, ते तुमच्या प्लेटवर का आले नाहीत, आणि तिथे कुजण्याची क्रिया इतकी मंद का. तुम्ही तिन्हींचं खापर आम्लतेवर फोडलंय. माझ्या अनुभवात गल्लत नेमकी इथेच होते. आम्लतेमुळे तिथे कोण राहणार हे ठरतं. ते किती वेगाने काम करणार हे मात्र मुख्यतः पाणी आणि ऑक्सिजन ठरवतात. आणि प्लेटवर काय दिसणार, ते प्लेट कशी बनवली यावर ठरतं. पीटमध्ये जीव कमी नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली फ्लुओरेसंट रंग लावून मोजलं, तर एका ग्रॅम ओल्या पीटमध्ये कोट्यवधी पेशी सापडतात.

तुमच्या नमुन्याबद्दल काही गोष्टी मला माहीत नाहीत, आणि त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे. पहिली गोष्ट, ती जागा खरोखर बॉग आहे का. फक्त पावसाच्या पाण्यावर पोसलेल्या पीटभूमीला बॉग म्हणतात. तिथे सामू साधारण ३.५ ते ४.५ असतो आणि क्षार नावापुरते असतात. भूजल झिरपणाऱ्या पीटभूमीला फेन म्हणतात. तिथला सामू ५ ते ७ च्या घरात, कधी त्याहून वर असतो आणि तिथली जीवसृष्टीही बरीच वेगळी असते. तुमचा ४.१ बॉगकडे बोट दाखवतो. दुसरी गोष्ट खोली. वरच्या वीतभर थरातली माती आणि मीटरभर खालची माती यांना मी एकच नमुना मानत नाही. तिसरी गोष्ट, तिथे चर खणून पाणी काढलेलं आहे का. चौथी, नमुना किती दिवस आणि कसा ठेवला होता. उघड्या पिशवीत आठवडाभर राहिलेल्या पीटमध्ये हवा शिरते, आणि मग तुम्ही बॉग न तपासता पिशवीत घडलेला बदल तपासता.

आता आम्लतेकडे येऊ, कारण ती येते कुठून हे कळलं की पुढचं सोपं जातं. बॉगची कर्तीकरवती म्हणजे स्फॅग्नम ही मॉस (शेवाळासारखी बुटकी वनस्पती). तिच्या पेशीभित्तिकांमध्ये युरॉनिक आम्लांचं प्रमाण भरपूर असतं. पावसाच्या पाण्यातून येणारे थोडेसे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन ती पकडून ठेवते आणि बदल्यात हायड्रोजन आयन सोडते. त्यात अर्धवट कुजलेल्या द्रव्यातून येणाऱ्या सेंद्रिय आम्लांची भर पडते. भूजलात असतं तसं बायकार्बोनेट इथे नसल्यामुळे हे आम्ल उदासीन करायला काहीच उरत नाही. म्हणजे स्फॅग्नम स्वतःभोवती पाणी आम्लधर्मी करते, आणि तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या बहुतेक वनस्पतींना ते मानवत नाही.

सामू ७ च्या तुलनेत सामू ४ ला हायड्रोजन आयन हजारपट असतात. तरीही आम्लप्रेमी जिवाणूंच्या पेशीच्या आतला सामू उदासीनच्या जवळपास राहतो, कारण त्यांचे एन्झाइम आणि डीएनए आम्लात टिकणार नाहीत. त्यासाठी त्यांची पेशीपटलं प्रोटॉन सहज आत येऊ देत नाहीत आणि जे येतात ते पंपांनी बाहेर काढले जातात. गळक्या होडीतून सतत पाणी उपसत राहावं तसं हे काम आहे. होडी बुडत नाही, पण उपसण्यात ताकद खर्च होते. अन्न मुबलक असेल तर हा खर्च परवडतो. बॉगमध्ये नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्हींची चणचण असल्यामुळे वाढ सावकाशच होते.

याहून चिवट अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ऑक्सिजनशिवाय सेंद्रिय द्रव्य आंबलं की ॲसिटिक आम्लासारखी सौम्य आम्लं तयार होतात. उदासीन मातीत ही आम्लं आयनांच्या रूपात असतात आणि पेशीपटल त्यांना अडवतं. सामू ४ ला मात्र ॲसिटिक आम्लाचे सुमारे ८५ टक्के रेणू आयन न होता जसेच्या तसे राहतात. असा विद्युतभार नसलेला रेणू पटलातून सहज आत शिरतो आणि आतल्या उदासीन द्रवात पोचल्यावर प्रोटॉन सोडतो. पंपांनी केलेलं काम त्यामुळे वाया जातं. म्हणून खालच्या थरात टिकायचं तर नुसतं आम्ल सोसून भागत नाही, या सौम्य आम्लांचा माराही सोसावा लागतो. काही बॉगमध्ये ॲसिटिक आम्ल न वापरलं जाता साठत राहतं, त्याला हेही एक कारण आहे.

मग राहतं कोण? जिवाणूंमध्ये पहिलं नाव ॲसिडोबॅक्टेरियांचं. आम्लधर्मी पीटमधला डीएनए वाचला की बहुतेक वेळा यादीच्या अगदी वरच्या बाजूला हाच गट असतो. या संघाचा पहिला रीतसर वर्णन झालेला सदस्य, ॲसिडोबॅक्टेरियम कॅप्सुलेटम, १९९१ मध्ये जपानमधल्या खाणीच्या आम्लधर्मी पाण्यातून मिळाला. पीटमधल्या सदस्यांची ओळख त्यानंतर हळूहळू होत गेली. मॉस्कोच्या विनोग्राडस्की इन्स्टिट्यूटमधल्या स्वेतलाना डेडिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅन्युलिसेला, ब्रायोबॅक्टर, टेल्मॅटोबॅक्टर अशा प्रजाती वेगळ्या करून दाखवल्या. यांच्या जनुकसंचात वनस्पतींमधल्या गुंतागुंतीच्या शर्करा तोडणाऱ्या एन्झाइमांची जनुकं भरपूर असतात. टेल्मॅटोबॅक्टर तर ऑक्सिजन असो वा नसो, सेल्युलोजवर काम करू शकतो. हे सगळे कमी अन्नावर, सावकाश वाढणारे जीव आहेत. दोन दिवसांत डोळ्यांना दिसेल अशी वसाहत करणं त्यांच्या स्वभावात नाही.

दुसरा मोठा गट प्लँक्टोमायसीट्सचा. त्यातले बरेचसे दोन समान भागांत न विभागता मुकुलनाने, म्हणजे अंगावर कळी फुटल्यासारखे वाढतात. पीटमधून श्लेस्नेरिया आणि सिंग्युलिस्फेरा यांसारख्या प्रजाती वेगळ्या करता आल्या आहेत. पेशीभित्तिकेवर घाव घालणाऱ्या ॲम्पिसिलिनसारख्या प्रतिजैविकांना हा गट दाद देत नाही, त्यामुळे त्यांना वेगळं काढायचं असेल तेव्हा माध्यमात ॲम्पिसिलिन घालणं कामी येतं. त्यांच्या सोबतीला अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया आणि व्हेरुकोमायक्रोबिया असतात.

बुरशीचं काम वरच्या, हवा लागणाऱ्या थरात चालतं. हीदर, ब्लूबेरी, क्रॅनबेरी यांच्या कुळातल्या झुडपांच्या केसासारख्या बारीक मुळांमध्ये हायलोस्किफा आणि ऑइडिओडेंड्रॉनसारख्या बुरशी राहतात आणि सेंद्रिय द्रव्यात अडकलेला नायट्रोजन सोडवून झुडपाला देतात. बॉगसारख्या उपासमारीच्या जागी ही झुडपं एवढी जोमाने वाढतात, त्यात या भागीदारीचा मोठा हात आहे.

आणि कवचधारी अमीबांना विसरू नका. स्फॅग्नमचा शेंडा पाण्यात पिळून त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. हायलोस्फेनिया पापिलिओ दिसला, तर काचेसारख्या पिवळसर, चपट्या कवचाच्या आत हिरवे ठिपके दिसतील. ती त्याच्या पोटात जिवंत राहिलेली एकपेशीय शैवालं असतात. अमीबा शिकारही करतो आणि या शैवालांनी प्रकाशातून बनवलेलं अन्नही वापरतो. मेल्यावर त्याचं रिकामं कवच पीटमध्ये हजारो वर्षं टिकतं. कोणती जात किती ओलाव्यात राहते हे माहीत असल्यामुळे, खोल थरातली कवचं मोजून त्या काळी पाण्याची पातळी कुठे होती याचा अंदाज बांधतात. माझ्या मते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला बॉगमध्ये याहून सुंदर काही नाही. नवख्या माणसाने सुरुवात प्लेटपासून करण्याऐवजी इथून करावी असं मी आग्रहाने सांगते.

आता खोलीकडे. बॉगमध्ये पाण्याची पातळी जिथवर वर-खाली होते त्या वरच्या थराला ॲक्रोटेल्म म्हणतात आणि कायम पाण्यात बुडालेल्या खालच्या थराला कॅटोटेल्म. पाण्याच्या पातळीखाली काही सेंटिमीटरांतच ऑक्सिजन संपतो. पाण्यात तो फार सावकाश मुरतो, आणि जो मुरतो तो वरचेच जीव वापरून टाकतात. खाली आंबवणारे जिवाणू शर्करांपासून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि ॲसिटिक आम्ल बनवतात. त्यावर मिथेन बनवणारे आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या वंशाचे एकपेशीय जीव) जगतात. आम्लधर्मी बॉगमध्ये ॲसिटिक आम्ल वापरणाऱ्यांपेक्षा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड वापरणारे आर्किया सहसा वरचढ असतात.

हे आर्किया प्रयोगशाळेत वाढवणं फार काळ जमलं नव्हतं. उदासीन सामू आणि भरपूर क्षार असलेल्या नेहमीच्या माध्यमांत ते येतच नसत. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या मॅक्लीन बॉगमधून मिथॅनोरेग्युला बूनेई वाढवता आला. सामू ५ च्या आसपास तो सर्वांत चांगला वाढतो. स्वीडनमधल्या स्टोर्डालेनच्या विरघळत्या कायमगोठित जमिनीत अशाच गटातला एक आर्किया मोठ्या संख्येने असल्याचं २०१४ मध्ये डीएनएवरून दिसलं, आणि त्याला मिथॅनोफ्लोरेन्स हे नाव मिळालं. जमीन वितळून दलदल झाली की तिथून मिथेन कोण सोडतं, याचं उत्तर त्यातून मिळायला लागलं.

खालून निघालेला मिथेन सगळाच हवेत जात नाही. ॲक्रोटेल्ममध्ये मिथेन खाणारे जिवाणू टपून असतात. १९९८ मध्ये डेडिश यांच्या गटाने उत्तरेकडच्या पीटमधून आम्लप्रेमी मिथेनभक्षक जिवाणू पहिल्यांदा वेगळे केले, आणि २००० मध्ये त्यांना मिथायलोसेला पॅलुस्ट्रिस हे नाव मिळालं. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातली मोलाची गोष्ट ही की, युक्ती नुसत्या सामूत नव्हती. माध्यमातले क्षार अगदी कमी, पावसाच्या पाण्याच्या जवळ जातील इतके विरळ ठेवल्यावर हे जिवाणू वाढले. ज्यांचं आयुष्य जवळपास क्षारविरहित पाण्यात जातं त्यांना नेहमीच्या माध्यमातलं मीठही सोसत नाही. मिथायलोसेलाच्या भाईबंदांपैकी एक तर ॲसिटेटवरही वाढतो असं २००५ मध्ये सिद्ध झालं. त्यापूर्वी मिथेनभक्षक मिथेनसारख्या एक-कार्बनी संयुगांवरच जगतात अशी समजूत होती.

यातला काही मिथेन स्फॅग्नमच्या आतच वापरला जातो. स्फॅग्नमचं पान एकाच पेशीच्या जाडीचं असतं. हिरव्या, अरुंद पेशींची जाळी आणि त्या जाळीच्या मधल्या जागेत मोठ्या, मेलेल्या, पारदर्शक पेशी. या पेशींच्या भिंतींना वर्तुळाकार छिद्रं असतात आणि त्यांच्यात पाणी भरलेलं असतं. कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी स्फॅग्नम धरून ठेवते ते मुख्यतः इथेच. याच पेशींत मिथेनभक्षक जिवाणू राहतात. हिरव्या पेशी प्रकाशात ऑक्सिजन सोडतात, तो घेऊन ते मिथेन जाळतात आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड मॉसला मिळतो. पाण्यात बुडालेल्या स्फॅग्नमला हवेतला कार्बन डायऑक्साइड पुरेसा मिळत नाही, त्यामुळे हे तिच्या पथ्यावर पडतं. मिथेनमधला कार्बन मॉसच्या अंगात पोचतो हे डच संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिलं. बॉगमधून बुडबुड्यांच्या रूपाने किंवा नळीसारख्या पोकळ देठांच्या गवतांतून जो मिथेन निसटतो, तो मात्र या जिवाणूंना गाठता येत नाही. म्हणून एकाच बॉगवर दोन हात अंतरावरची मोजमापं जुळत नाहीत.

संख्या आणि महत्त्व यांचा संबंध सरळ नसतो, याचंही एक उदाहरण पीटमधूनच मिळतं. जर्मनीतल्या एका पीटभूमीच्या २०१० मधल्या अभ्यासात डेसल्फोस्पोरोसिनस हा सल्फेट वापरणारा जिवाणू एकूण जनुकप्रतींच्या फक्त ०.००६ टक्के भरला. तरीही तिथलं सल्फेटचं बरंचसं काम त्याच्या खात्यात जमा होऊ शकतं असं दिसलं. सल्फेट वापरणाऱ्यांनी हायड्रोजन ओढून घेतला की मिथेन बनवणाऱ्यांच्या वाट्याला कमी येतो. म्हणजे तुमच्या प्लेटवर किंवा डीएनएच्या यादीत जो ठळक दिसतो तोच कारभारी, असं धरून चालू नका.

एवढे जीव, एवढे एन्झाइम, तरी कुजत का नाही? सरळ उत्तर असं की कुजतं, पण बनण्याच्या वेगापेक्षा किंचित कमी वेगाने. दर वर्षी साठतं ते अगदी थोडं, वाढीचा वेग साधारण वर्षाला एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. पण हे हजारो वर्षं चालतं, आणि म्हणूनच जगाच्या जमिनीच्या सुमारे ३ टक्के भागावरच्या पीटमध्ये ५०० अब्ज टनांहून जास्त कार्बन साठलेला आहे. सगळ्या जंगलांतल्या झाडांमध्ये मिळून आहे त्याहून हा जास्त.

वेग कमी ठेवणारी कारणं एकत्र काम करतात. थंडी, नायट्रोजनची टंचाई आणि मुळात स्फॅग्नमच स्वभावाने न कुजणारी. त्यावर पाणी. सन २००१ मध्ये ख्रिस फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी एक यंत्रणा मांडली, ती एन्झाइमिक लॅच (एन्झाइमची कडी) या नावाने ओळखली जाते. स्फॅग्नममधून आणि इतर वनस्पतींमधून फिनॉलिक संयुगं पाण्यात येतात. ती तोडणाऱ्या फिनॉल ऑक्सिडेज या एन्झाइमाला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नाही, म्हणून फिनॉलिक साठत जातात. साठलेली फिनॉलिक पुढे शर्करा, प्रथिनं, फॉस्फेट सोडवणाऱ्या इतर एन्झाइमांना बांधून निकामी करतात, आणि त्या एन्झाइमांना स्वतःला ऑक्सिजनची गरज नसूनही ते गप्प बसतात. एका एन्झाइमाच्या अडचणीमुळे बाकीची साखळी थांबते. आम्लता यात भर घालते, कारण कमी सामूला फिनॉल ऑक्सिडेजचं काम आणखी मंदावतं.

हे सगळीकडे सारखंच घडतं असंही नाही. पीटमध्ये लोह भरपूर असेल तर हवा आत शिरल्यावर उलटाच परिणाम दिसू शकतो. लोहाचं ऑक्सिडेशन होऊन ते लिग्निनसारख्या (वनस्पतींना कणखरपणा देणाऱ्या) संयुगांना घट्ट बांधून ठेवतं आणि त्यांचं संरक्षण करतं. ‘पाणी काढलं की पीट लगेच कुजतं’ हे विधान बहुतेक ठिकाणी खरं आहे. किती वेगाने, ते लोह, वनस्पती आणि तापमान पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

डेन्मार्कमधल्या सिल्केबोर्गजवळच्या पीटमध्ये १९५० मध्ये सापडलेला टोलुंड मानव या सगळ्या यंत्रणेचा पुरावा आहे. सुमारे २४०० वर्षांपूर्वी मेलेल्या त्या माणसाच्या हनुवटीवरचे खुंट आणि कपाळावरच्या आठ्या अजून दिसतात. ऑक्सिजनविरहित थंड पाणी, आम्लता आणि स्फॅग्नममधली चामडं कमावल्यासारखी क्रिया करणारी द्रव्यं यांनी त्याची कातडी राखली. पण तो ज्या पीटमध्ये होता ते निर्जीव नव्हतं. जिवाणू तिथेही होते, त्यांना त्याच्यावर हात चालवता आला नाही एवढंच.

थोडक्यात, इथपर्यंतचा मुद्दा हा: जीव भरपूर, पण सावकाश, विरळ अन्नाला आणि विरळ क्षारांना सरावलेले. त्यातले बरेच हवेशिवाय राहणारे. आता तुमची प्लेट पाहा. न्यूट्रिएंट आगरचा सामू ७ च्या आसपास असतो. लिटरमागे ५ ग्रॅम पेप्टोन, वर मांसाचा अर्क, आणि बरेचदा ५ ग्रॅम मीठही असतं. त्यात ३७ अंश तापमान आणि दोन दिवसांची मुदत. ही परिस्थिती भराभर वाढणाऱ्या, उष्ण आणि सकस जागी राहणाऱ्या जिवाणूंना अनुकूल आहे. बॉगच्या रहिवाशांना ती एकाच वेळी तीन-चार बाजूंनी मारक आहे. ज्या चार-दोन वसाहती आल्या त्या बहुधा बीजाणूंच्या रूपात पडून राहिलेल्या जिवाणूंच्या असतील. त्या बॉगमधलं काम करणाऱ्यांच्या असण्याची शक्यता कमी.

मी अशा नमुन्यासाठी माध्यम अगदी विरळ करते. लिटरमागे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.१ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.०२ ग्रॅम, सोबत ०.५ ग्रॅम ग्लुकोज आणि ०.०५ ते ०.१ ग्रॅम यीस्ट अर्क. सामू ४.८ ते ५.२. ग्लुकोजऐवजी झायलन किंवा पेक्टिन घातलं तर शर्करा तोडणारे जास्त मिळतात. प्लेट २० ते २४ अंशांना, सुकू नयेत म्हणून बंद पिशवीत, किमान चार ते आठ आठवडे. पहिल्या आठवड्यात जे येतं त्याची नोंद करते, पण निष्कर्ष त्यावरून काढत नाही. चौथ्या आठवड्यानंतर टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती यायला लागतात. त्या भिंगाखाली तिरप्या प्रकाशात पाहाव्या लागतात, नाहीतर नजरेतून सुटतात.

आगरबद्दल एक सावधगिरी. आम्लधर्मी माध्यमात आगर घालून ऑटोक्लेव्ह केलं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलं, तर आगर तुटतं आणि प्लेट घट्ट होत नाही. दुप्पट तीव्रतेचं माध्यम आणि दुप्पट तीव्रतेचं आगर वेगवेगळं निर्जंतुक करून, थोडं निवल्यावर एकत्र करा. फॉस्फेट आणि आगर एकत्र तापवल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि सावकाश वाढणाऱ्यांना ते बाधतं, तेव्हा वेगळं तापवण्याचा हा दुसरा फायदा. आगरऐवजी जेलन गम हा दुसरा घट्ट करणारा पदार्थ वापरलात तर आणखी बरं. अशा प्लेटवर बुरशी फार माजते, म्हणून सायक्लोहेक्सिमाइड घालावं लागतं. ते विषारी आहे. भुकटी तोलताना हातमोजे आणि मुखपट्टी हवीच.

हे सगळं करूनही एकूण पेशींपैकी लहानसाच भाग प्लेटवर येईल. म्हणून प्लेटसोबत डीएनएही वाचावा. पीटमधून काढलेला डीएनए बहुतेकदा चहाच्या रंगाचा निघतो. तो रंग ह्युमिक आम्लांचा, आणि तीच आम्लं पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती करण्याची क्रिया) बंद पाडतात. अशा वेळी ‘पीटमध्ये डीएनएच नाही’ असं समजू नका. अर्क दहापट आणि शंभरपट विरळ करून पुन्हा पीसीआर लावा, मिश्रणात सिरम अल्ब्युमिन घाला. बरेचदा शंभरपट विरळ केलेल्यात डीएनएचा पट्टा झळकतो आणि मूळ अर्कात काहीच नसतं.

पुढच्या वेळी नमुना घेताना एक साधी चाचणी जरूर करा. ताजं पीट मुठीत घेऊन पिळा. बोटांतून स्वच्छ पाणी आलं आणि मुठीत मॉसचे तंतू ओळखू येत असतील, तर ते जवळपास न कुजलेलं. गढूळ तपकिरी पाणी आलं तर मधलं. सगळंच पीट चिखलासारखं बोटांतून निसटलं तर पूर्ण कुजलेलं. स्वीडिश शास्त्रज्ञ लेनार्ट फॉन पोस्ट यांच्या नावाची ही दहा पायऱ्यांची मोजपट्टी आजही वापरात आहे. खालच्या थरातून काढलेलं पीट कापल्या कापल्या पिवळट-तपकिरी असतं आणि हवा लागली की काही मिनिटांत काळपट होतं. तो रंग बदलताना पाहिलात की ऑक्सिजन किती लवकर काम सुरू करतो हे कळतं. म्हणून खालचा नमुना हवा न ठेवता काठोकाठ भरलेल्या बाटलीत, थंड ठेवून आणा, आणि बाटलीवर खोली, पाण्याची पातळी आणि जागेवर मोजलेला सामू लिहा.

राहिला चुन्याचा प्रश्न. चुना घातल्यावर जिवाणू ‘परत’ येत नाहीत, कारण ते गेलेलेच नव्हते. सामू ५.५ ते ६ च्या वर गेला की वस्तीची घडी बदलते. ॲसिडोबॅक्टेरियांमधले आम्लप्रेमी गट मागे पडतात, भराभर वाढणारे पुढे येतात, फिनॉल ऑक्सिडेजला जोर येतो आणि कार्बन डायऑक्साइड निघण्याचा वेग सहसा वाढतो. हवेशिवायच्या थरात ॲसिटिक आम्ल आयनाच्या रूपात गेल्यामुळे ते कमी विषारी होतं आणि ते वापरणाऱ्या मिथेनकारी आर्कियांना फावतं. रोपांसाठीच्या कुंडीतल्या पीटमध्ये चुना मिसळतात तो याच आम्लतेवर उतारा म्हणून, आणि तिथे ते बरोबरच आहे. जिवंत बॉगवर मात्र चुना टाकू नका. स्फॅग्नमला कॅल्शियम आणि चढता सामू एकत्र सोसत नाहीत, आणि ती गेली की आम्लता, पाणी धरून ठेवणं, मिथेन जाळणं, सगळंच तिच्याबरोबर जातं.

तुम्हाला स्वतः पडताळून पाहायचं असेल तर प्रयोगशाळेत छोट्या बाटल्यांमध्ये करा. एकाच नमुन्याचे चार भाग घ्या: दोन सामू ४.१ वर तसेच, दोन चुन्याने ६ पर्यंत वाढवलेले. प्रत्येक जोडीतली एक बाटली हवेत हलवत ठेवा आणि दुसरीतली हवा काढून नायट्रोजन भरा. प्रत्येकाच्या तीन प्रती ठेवा. दर आठवड्याला बाटलीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन मोजा. चुना म्हणून चुनखडीची भुकटी (कॅल्शियम कार्बोनेट) वापरली तर तिच्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड हिशोबात गोंधळ घालतो, म्हणून चुन्याऐवजी मॅग्नेशियम ऑक्साइड किंवा सोडियम हायड्रॉक्साइडने सामू वाढवलेली एक वेगळी जोडीही ठेवा. सामू बदलल्याने पडणारा फरक जास्त की हवा दिल्याने पडणारा, हे तुमच्याच पीटमध्ये दिसेल. वरच्या थराचा नमुना असेल तर महिन्याभरात, मीटरभर खालचा असेल तर दोन-तीन महिने थांबायची तयारी ठेवा.